न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

भगवद्गीतेचे इंग्रजी गद्य भाषांतर मॅक्सम्युलर यांच्या ग्रंथमालेत १८८२ साली निघाले, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु भाषांतरकार हा मुंबई हायकोर्टात रोज उभा राहणारा वकील होता, याचे स्मरण क्वचितच होते.

काशिनाथपंतांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईस झाला. चुलते त्र्यंबकराव यांनी त्यांस दत्तक घेतले. एल्फिन्स्टनमधील शिक्षण संपवून, विलायतेस न जाता, १८७२ मध्ये ते अॅडव्होकेटची कठीण परीक्षा उतरले. जेथे दावे प्रथम चालतात त्या ओरिजिनल साइडवर त्या काळी गोऱ्या बॅरिस्टरांचे वर्चस्व असे. तेलंगांचे बळ निराळे होते. मिताक्षरा आणि व्यवहारमयूख ते मूळ संस्कृतात वाचीत, आणि हिंदु धर्मशास्त्राचा प्रश्न निघाला की न्यायाधीशही त्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकत. गीतेने ख्रिस्ती ग्रंथांतून उसनवारी केली, हे लोरिन्सर या जर्मन पंडिताचे मत त्यांनी १८७५ मध्ये खोडून काढले, तेही पुराव्याच्या पायरीपायरीने, जणू कैफियतच मांडावी तसे.

१८८५ साली रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अजाण वयात लग्न झालेल्या या बाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले होते. त्यांच्या बाजूने लॅथम व इन्व्हेरॅरिटी यांच्यासमवेत तेलंग होते. न्या. पिन्ही यांनी पतीचा दावा फेटाळला. पुढील वर्षी अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये सासरी जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. बाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली.

१८८९ मध्ये तेलंग स्वतःच न्यायासनावर बसले. आप्पाजी नरहर कुलकर्णी यांच्या प्रकरणी फुल बेंचपुढे प्रश्न असा होता की, बाप आपल्या भाऊबंदांशी एकत्र असता, त्याच्या संमतीवाचून मुलास वाटणी मागता येते काय? सहकारी न्यायमूर्ती 'नाही' म्हणाले. तेलंगांनी मूळ ग्रंथांचा अर्थ लावून मुलाच्या बाजूने भिन्न निकालपत्र लिहिले.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे योग्य नव्हे. बालविवाहाचे दोष इतके जाणणाऱ्या या पुरुषाने घरच्या वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून आपल्या कन्येचे लग्न लहान वयातच केले. सुधारकांनी त्यांस कठोर बोल लावले. ते बोल अन्यायाचे होते, असे आम्हांस म्हणवत नाही. बेंचवरील बहुमताशी न डगमगता असहमत होणाऱ्या तेलंगांस घरातील वडिलांपुढे तसे उभे राहता आले नाही.

१८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. पुढील वर्षी, १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. रखमाबाई तेव्हा लंडनमध्ये वैद्यकीचा अभ्यास करीत होत्या.