शिष्यांच्या यंत्रांची पारख करणारा गुरू : लास्लो मोहोय-नॉज

शिष्याच्या कामाची पारख कशी करावी, हा प्रश्न आम्हां संगीतशिक्षकांना रोजचाच. माझे वडील दरबारी गवई. आमच्या घरी गुरूचा कान देईल तोच निकाल. चित्रशिल्पाच्या प्रांतात या प्रश्नाचे निराळे उत्तर देणारा एक शिक्षक युरोपात होऊन गेला. त्याची ओळख रसिक वाचकांस करून द्यावीशी वाटते.

लास्लो मोहोय-नॉज यांचा जन्म १८९५ साली हंगेरीत झाला. कायद्याचा अभ्यास सुरू असतानाच पहिले महायुद्ध आले. तोफखान्यात चाकरी करताना ते पोस्टकार्डांवर चित्रे काढीत. १९१७ मध्ये जखमी झाल्यावर वकिली सुटली ती कायमचीच. १९२३ मध्ये ग्रोपिअस यांनी त्यांना जर्मनीतील वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत बोलावले.

तेथे नवशिक्या विद्यार्थ्यांनी लाकूड, काच, तार, पत्रा हाताळून तोल साधायचा, स्पर्श ओळखायचा. शाळा देसाऊला गेल्यावर १९२७ मध्ये वाल्टर कामिन्स्की या विद्यार्थ्याने दोन रांगांचे फिरते स्पर्शफलक केले. ते फिरवावे तसतसे बोटांखाली मऊपासून कठीणापर्यंत, गुळगुळीतापासून खरखरीतापर्यंत स्पर्श येत. हाताला काय जाणवले, याचे आलेखही विद्यार्थी काढीत. मला यातले मर्म असे दिसते, की आलेख आणि वस्तू शेजारी ठेवल्या म्हणजे गुरूला काय आवडले हा वाद उरत नाही. शिष्याला जो भाव द्यावयाचा होता तो बोटांपर्यंत पोहोचला की नाही, एवढेच पाहावे लागते.

हे गुरू स्वतःही उमेदवारी करीतच होते. अनेक वर्षे खपून त्यांनी धातू व काचेचे, विजेवर फिरणारे प्रकाशयंत्र रचले. ते १९३० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. ते प्रथम फिरताना पाहून, मंत्र हाताबाहेर गेलेल्या जादूगाराच्या चेल्यासारखी त्यांची गत झाली. स्वतःच्याच यंत्राने चकित झालेला माणूस शिष्याच्या यंत्राला एका नजरेत नापास कसा करील?

बाउहाउस त्यांनी १९२८ मध्येच सोडले होते. पुढे नाझी राजवट आली; अॅम्स्टरडॅम, लंडन करीत १९३७ मध्ये ते शिकागोला पोहोचले. तेथे काढलेली शाळा आश्रयदात्यांनी हात आखडल्याने वर्षभरातच बंद पडली. १९३९ मध्ये त्यांनी ती नव्या नावाने पुन्हा उभी केली. तेथे विद्यार्थी लाकडाची हस्तशिल्पे घडवीत. त्यांची परीक्षा डोळ्यांनी नव्हे, मुठीत धरून होई. रक्ताच्या कर्करोगाने शरीर पोखरले, तरी शिकवणे थांबले नाही. २४ नोव्हेंबर १९४६ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी ते गेले. शाळा मात्र टिकली; १९४९ मध्ये ती तेथील एका तंत्रविद्यालयात सामील झाली.

शिष्याने तान घेतली, की बरी-वाईट म्हणण्याआधी तिच्यातून काय पोहोचवायचे होते हे त्याला विचारावे, मग कान द्यावा. दुरुस्ती त्यानंतरची. दरबारी तालमीलाही हे मानवण्यासारखे आहे.