दुखण्याचं नाव बायकांना ठाऊक होतं

घरात दुसरं बाळ आलं की थोरल्याचं काय होतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. ते हिरमुसतं, किरकिरं होतं, ताटावरून उठून जातं. पाठचं आलं म्हणून असं, असं म्हणून आपण सोडून देतो. पण बायकांच्या याच साध्या निरीक्षणातून बालआरोग्यातला एक मोठा शोध लागला, आणि तो एका बाईनेच जगासमोर मांडला. हे वाचलं तेव्हापासून डॉ. सिसिली विल्यम्स हे नाव माझ्या मनातून जात नाही.

सिसिलीचा जन्म २ डिसेंबर १८९३ चा, जमेका बेटावरचा. वडील तिथल्या शिक्षणखात्याचे प्रमुख. लेक नऊ वर्षांची असताना, हिला काही नवरा मिळायचा नाही, तेव्हा हिने आपलं डॉक्टर व्हावं, असं त्यांनी म्हटलं होतं म्हणे. म्हणजे तिथेही तेच! ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला, पण भूकंप आणि वादळांनी घरचे अडचणीत आले म्हणून ती त्यांच्या मदतीला थांबली. पुढे पहिल्या महायुद्धात मुलगे लढाईवर गेले, वर्ग ओस पडले, तेव्हा कुठे मुलींना वैद्यकीय शिक्षणाची दारं जरा उघडली. तेविसाव्या वर्षी शिकायला लागून १९२३ साली ती डॉक्टर झाली. नोकरी मात्र लवकर मिळेना. अखेर १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला पाठवलं. हुद्दा ‘स्त्री वैद्यकीय अधिकारी’. त्यातल्या ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की पगार पुरुषांपेक्षा कमी!

तिथे तिच्याकडे एक ते चार वर्षांची मुलं यायची. पावलं सुजलेली, पोट फुगलेलं, केस तांबूस झालेले, कातडीचे पापुद्रे सुटलेले. बघता बघता ती दगावायची. पुस्तकं शिकलेल्या डॉक्टरांना हा दुसराच कुठला तरी रोग वाटे. सिसिलीने स्वतःच्या जिवाची जोखीम पत्करून गेलेल्या मुलांची शवविच्छेदनं केली. आणि आणखी एक गोष्ट केली, जी मला सगळ्यात मोठी वाटते. तिथल्या बायकांनाच विचारलं, की तुम्ही याला काय म्हणता?

बायकांकडे नाव तयार होतं, क्वाशिऑरकर. त्यांच्या गा भाषेत त्याचा अर्थ साधारण असा, की पाठचं बाळ आल्यावर जागा गेलेल्या थोरल्याला होणारं दुखणं. नावातच कारण होतं! नवं बाळ आलं की थोरल्याचं अंगावरचं दूध तुटायचं आणि त्याच्या वाट्याला यायची नुसती मक्याची पेज. पेजेने पोट भरायचं, पण वाढीला लागणारी प्रथिनं मिळायची नाहीत. १९३३ मध्ये तिने हे लिहून प्रसिद्ध केलं आणि १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत ते नावही छापून आणलं. मोठमोठ्या तज्ज्ञांनी नाकं मुरडली. आज मात्र जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकात हा शब्द आहे. त्यामागे नुसता प्रथिनांचा अभाव नसतो, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि इतर कारणंही असतात, एवढी भर पुढच्या संशोधनाने घातली.

सिसिलीची मतं ठाम होती. मूल कुपोषित झालं म्हणून आईला अडाणी ठरवणं तिला पटत नसे. आधी तिच्या घरी जा, चुलीवर काय शिजतंय ते बघा, मग सल्ला द्या, असा तिचा आग्रह. आजार बरा करणं आणि आजार होऊ न देणं ही दोन वेगळी खाती असूच नयेत, असंही ती सांगे. बरोबरच आहे. दवाखान्यातून बरं करून पाठवलेलं मूल त्याच रिकाम्या डब्यांच्या घरात गेलं, तर महिन्याभराने पुन्हा दवाखान्यात येणारच ना!

वरिष्ठांशी पटेना, म्हणून १९३६ मध्ये तिची बदली मलायात झाली. तिथे वेगळंच संकट. दूध कंपन्यांनी नेमलेल्या बायका नर्ससारखे कपडे घालून बाळंतिणींच्या घरी जायच्या आणि अंगावरच्या दुधापेक्षा डब्यातलं गोड घट्ट दूध चांगलं, असं पटवायच्या. सिसिलीचा संताप झाला. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये तिने भाषण केलं, त्याचं नावच ‘दूध आणि खून’! अशा प्रचाराने दगावलेली बाळं म्हणजे खूनच समजा, असं तिने भर सभेत, प्रतिष्ठितांच्या तोंडावर सांगितलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेलं आणि सिसिली चांगीच्या छावणीत कैद झाली. मध्ये चार महिने तर तिला जपानी लष्करी पोलिसांच्या पिंजऱ्यासारख्या कोठडीत डांबलं होतं. त्या उपासमारीच्या छावणीत वीस बाळं जन्मली. डब्याचं दूध आणणार कुठून? सगळी आईच्या अंगावर वाढली आणि वीसच्या वीस जगली.

१९४८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने माता-बाल आरोग्य विभागाचं पहिलं प्रमुखपद तिच्याकडे दिलं. पुढे १९८१ साली बाळाच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातींना आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता झाली. १३ जुलै १९९२ रोजी, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन सिसिली गेली. त्याच वर्षाअखेर आपल्या संसदेने याबाबत कायदा केला. तान्ह्यांच्या दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र दिसत नाही ना? ते या कायद्यामुळे.

मग आपलं सगळं छान चाललंय का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते, की पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे पस्तीस मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. सहा महिने ते दोन वर्षं या वयात पुरेसा आहार मिळतो तो शंभरातल्या जेमतेम अकरा मुलांना. म्हणजे गाडी अडते ती सिसिलीने दाखवलेल्या त्याच जागी, अंगावरचं दूध आणि ताटातलं जेवण यांच्या मधे.

तेव्हा पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पहिलं पिवळसर चिकाचं दूधसुद्धा. उष्टावण झालं की दूध चालू ठेवून जोडीला मऊ खिमट, त्यात डाळ, वर तुपाची धार. पुढे कुस्करलेली भाजी, चालत असेल तर अंडं. अगदी दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही पाजायला हरकत नाही. एखादीला खरंच दूध कमी येत असेल तर तिला टोमणे नकोत, डॉक्टरांचा सल्ला हवा.

आणि हे सारं एकट्या आईच्या गळ्यात मारू नका. २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा आहे, पण शेतात मजुरीला जाणारीला ती कोण देणार? तिला दिवसातून चार वेळा बाळाला जवळ घ्यायची सवड मिळाली पाहिजे, तिच्याही ताटात डाळ-भाजी पडली पाहिजे. हे सासूने, नवऱ्याने, गावाने आणि सरकारने बघायचं काम आहे. अंगणवाडीत नुसतं वजन लिहून थांबू नये, घरात काय शिजतं हे आईला मायेने विचारावं. उत्तर बहुधा तिच्यापाशीच असतं.