औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : ४७ वर्षांच्या कामाला पहिला पैसा देणारे राजे

सातारा परिसरातलं औंध हे अवघ्या ७२ गावांचं संस्थान. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) १९०९ मध्ये त्याच्या गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा देणारे राजे म्हणून ते अनेकांना माहीत आहेत. पण त्यांनी आणखी एक मोठं काम उभं केलं, आणि ते पूर्ण झालेलं मात्र त्यांना पाहता आलं नाही.

एक लाखाचा शब्द

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांचं चित्ररामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झालं. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला महाभारताची सचित्र, चिकित्सक आवृत्ती काढण्यासाठी एक लाख रुपये देण्याचं जाहीर केलं. एवढ्याशा संस्थानासाठी ही रक्कम मोठीच होती. ती एकदम नव्हे, तर दरवर्षी हप्त्याने मिळणार होती. एप्रिल १९१९ मध्ये कामाला सुरुवात झाली.

इतका वेळ का लागला?

महाभारताची एकच अशी मूळ प्रत उपलब्ध नाही. काश्मीरपासून केरळपर्यंत शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा वेगवेगळ्या लिप्यांमधली हस्तलिखितं जमवायची, प्रत्येक श्लोक कागदावर मांडून त्याखाली सगळे पाठभेद नोंदवायचे आणि मग सर्वांत जुना पाठ कोणता असावा हे ठरवायचं, असं हे काम होतं. १९२५ मध्ये वि. स. सुखटणकर प्रमुख संपादक झाले. पहिला छोटा भाग १९२७ मध्ये निघाला आणि एकटं आदिपर्व पूर्ण व्हायला १९३३ उजाडलं.

राजा गेला, काम राहिलं

१९४३ मध्ये सुखटणकर वारले. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं आणि १९५१ मध्ये बाळासाहेबांचं निधन झालं. १९ खंडांची ही आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली.

राजाश्रयाची एक मोठी अडचण असते. राजाची मर्जी फिरली किंवा गादी गेली, की कलावंत आणि विद्वान उघड्यावर पडतात. इथे तसं झालं नाही, कारण पैसा दरबारातल्या एखाद्या पंडिताला नव्हे, तर एका संस्थेला दिला होता. त्या पहिल्या देणगीमुळे काम उभं राहिलं, पुढे मुंबई सरकार आणि इतर संस्थानांनीही हातभार लावला. एक आश्रयदाता गेला तरी बाकीचे होते.

औंधच्या टेकडीवर बाळासाहेबांनी १९३८ मध्ये उघडलेलं संग्रहालय आजही आहे. राजा रविवर्म्यांचं ‘सैरंध्री’ हे चित्र तिथे पाहायला मिळतं. सैरंध्री म्हणजे विराटाच्या घरी अज्ञातवासात राहिलेली द्रौपदी. तिची कथा ज्या विराटपर्वात येते, त्याचा चिकित्सक पाठ पुण्यात याच देणगीने सुरू झालेल्या कामातून सिद्ध झाला.