सातशे सहा प्रती

दुर्मिळ ग्रंथ जमविण्याचा छंद असलेले रसिक सर्व देशांत आढळतात. कोणी एखाद्या ग्रंथाची पहिली आवृत्ती शोधीत असतो, तर कोणी ग्रंथकाराच्या हस्ताक्षराने पुनीत झालेली प्रत मिळावी म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहतो. अमेरिकेतील अशा संग्राहकांना १८४९ साली निघालेल्या एका पुस्तकाचे विशेष आकर्षण आहे. त्याच्या ३९६ व्या पृष्ठावर छापताना तीन ओळी गळाल्या होत्या. काही प्रतींत त्या ओळी ग्रंथकाराने स्वतः पेन्सिलीने लिहून घातल्या आहेत. अशी प्रत हाती येणे म्हणजे संग्राहकास आपल्या श्रमांचे चीज झाल्यासारखे वाटते. आणि हेच पुस्तक ग्रंथकाराच्या हयातीत जवळजवळ कोणालाही नको होते! त्या ग्रंथकाराचे, हेन्री डेव्हिड थोरोचे, अल्प चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील कॉन्कॉर्ड या गावी झाला. वडिलांचा धंदा पेन्सिली तयार करण्याचा. घरची स्थिती बेताची असूनही त्याला हार्वर्डच्या महाविद्यालयात पाठविण्यात आले आणि १८३७ साली तो पदवीधर झाला. गावच्या शाळेत त्याने शिक्षकाची नोकरी धरली. परंतु मुलांना छडी मारली पाहिजे असा वरिष्ठांचा आग्रह पडताच थोड्याच दिवसांत ती सोडून दिली. पुढे थोरला बंधू जॉन याच्यासह त्याने स्वतःची शाळा चालविली. तेथे छडी नव्हती. हे दोघे गुरुजी विद्यार्थ्यांना रानात आणि नदीवर घेऊन जात व झाडे, पक्षी, दगडगोटे यांची प्रत्यक्ष ओळख करून देत.

१८३९ साली या दोघा भावांनी स्वहस्ते एक नाव बांधली आणि कॉन्कॉर्ड व मेरिमॅक या नद्यांवरून सुमारे दोन आठवडे प्रवास केला. त्यानंतर अडीच वर्षेही लोटली नाहीत तोच, जानेवारी १८४२ मध्ये, जॉन धनुर्वाताने वारला. थोरोच्या जिवाला हा घाव फार खोल लागला. भावाच्या स्मरणार्थ त्या जलप्रवासाचे पुस्तक लिहावे, असे त्याच्या मनाने घेतले.

त्यासाठी स्वस्थता हवी होती. ४ जुलै १८४५ रोजी तो गावाबाहेरच्या वॉल्डन तळ्याकाठी, एमर्सन या आपल्या विचारवंत मित्राच्या जागेत, राहावयास गेला. तेथील लहानसे घर त्याने स्वतःच बांधले. खर्च आला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. याच मुक्कामात, १८४६ मध्ये, गुलामगिरीस आश्रय देणाऱ्या सरकारला डोईपट्टी भरणार नाही म्हणून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. त्या अनुभवावरील त्याचा निबंध पुढे दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींच्या वाचनात आला, आणि १९०७ साली त्यांनी आपल्या पत्रातून तो भारतीय बांधवांपुढे मांडला.

तळ्याकाठी दोन वर्षे दोन महिने राहून थोरो परतला, तेव्हा भावाच्या स्मृतीचे पुस्तक बरेचसे सिद्ध झाले होते. परंतु स्वतःच्या जोखमीवर ते छापण्यास कोणी प्रकाशक तयार होईना. अखेर नुकसान आल्यास आपण सोसू, या अटीवर थोरोने ते बोस्टनमध्ये १८४९ साली छापविले. हजार प्रती निघाल्या. चार वर्षांत त्यांतील ७५ भेटीदाखल गेल्या आणि सव्वादोनशेहून कमीच विकल्या गेल्या. ऑक्टोबर १८५३ मध्ये प्रकाशकाने उरलेल्या ७०६ प्रती गाडीत घालून थोरोच्या दारी पाठविल्या.

थोरोने ते ओझे पाठीवर घेऊन दोन जिने चढून माळ्यावरच्या आपल्या खोलीत नेले. आता आपल्या संग्रहात सुमारे नऊशे पुस्तके असून त्यांतील सातशेहून अधिक आपणच लिहिलेली आहेत, असा विनोद त्याने रोजनिशीत केला. त्या पुस्तकापायी त्याने प्रकाशकास २९० डॉलर भरले होते. लोकांच्या जमिनी मोजून आणि पेन्सिलींच्या धंद्यात राबून मिळविणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. तथापि त्याच रात्री, त्या ढिगाऱ्याशेजारी बसून, त्याने नेहमीच्याच समाधानाने लेखणी हाती घेतली. आम्हांला त्याच्या चरित्रातील हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

पुढील वर्षी, ऑगस्ट १८५४ मध्ये, त्याचा 'वॉल्डन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन हजार प्रतींनाही संपावयास काही वर्षे लागली. मात्र दुसऱ्याच्या ग्रंथांविषयी थोरोला अपार आदर होता. १८५५ साली त्याच्या एका इंग्रज मित्राने त्याला ४४ ग्रंथ भेट पाठविले. त्यांत आपली उपनिषदे आणि विष्णुपुराणही होते. ग्रंथ निघाल्याची वार्ता कळताच त्याने नदीतून वाहत आलेली लाकडे वापरून त्यांच्यासाठी मांडणी तयार करून ठेवली.

६ मे १८६२ रोजी क्षयाने तो वारला. वय अवघे ४४. त्याच वर्षी दुसऱ्या प्रकाशकाने माळ्यावरील उरलेल्या प्रती घेऊन, नवे शीर्षकपृष्ठ जोडून त्या विक्रीस काढल्या. म्हणूनच १८४९ च्या मूळ शीर्षकपृष्ठाची प्रत आज इतकी दुर्मिळ झाली आहे.

संग्रहाच्या हौसेला दुसरीही एक बाजू आहे. १९०६ साली थोरोचे समग्र लेखन वीस खंडांत निघाले. त्याचे ६०० खास संच काढून प्रत्येकात त्याच्या हस्तलिखिताचे एकेक अस्सल पान बांधण्यात आले. घेणाऱ्यांना अमोल ठेवा लाभला खरा. पण ती पाने मात्र कायमची विखुरली. सुदैवाने त्याच्या रोजनिशीच्या बहुतेक वह्या न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात सुरक्षित आहेत. त्याने १८५२ ते १८५८ या काळात टिपून ठेवलेले फुले उमलण्याचे दिवस शास्त्रज्ञांनी अलीकडच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा कॉन्कॉर्डची रानफुले आता सरासरीने सुमारे आठवडाभर आधी फुलतात असे आढळले. हवामान उष्ण होत असल्याचा हा पुरावा एका उपेक्षित लेखकाने नकळत जपून ठेवला होता!

मराठी वाचकांस थोरो परका नाही. इंदूरमध्ये जन्मलेल्या दुर्गाबाई भागवत यांनी 'वॉल्डन' मराठीत आणले आहे. विद्यार्थी मित्रांनी आपल्या ग्रंथालयात ते जरूर शोधावे. स्वाक्षरीची प्रत आपणांपैकी फारच थोड्यांना लाभेल. परंतु ज्या माणसाने आपली ७०६ पुस्तके पाठीवरून वर नेली आणि मग शांतपणे पुढचे पान लिहावयास घेतले, त्याचा सहवास कोणत्याही साध्या प्रतीत तितकाच मिळतो. परीक्षेत वा खेळात हार आली, तर त्या दोन जिन्यांची आठवण ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.