बाबासाहेबांच्या खिशातील पेन

गावाच्या वेशीवर, चौकात, बुद्धविहाराच्या अंगणात उभा असलेला बाबासाहेबांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. निळा कोट, एका हातात संविधान, दुसऱ्या हाताचे बोट पुढे. या पुतळ्यांवर आणखी एक वस्तू असते, जिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. ती म्हणजे कोटाच्या खिशाला लावलेले पेन.

आमचे लक्षही तिकडे गेले ते वेगळ्याच कारणाने. आमच्या अभ्यासिकेतल्या काही जणांना मध्यंतरी शाईच्या पेनाचा नाद लागला. बॉलपेनाने पानेच्या पाने लिहून बोटे दुखतात. शाईचे पेन कागदावर दाबावे लागत नाही, निब नुसती टेकली की शाई उतरते. कोणी साधे स्वस्त पेन आणले, कोणी आजोबांच्या ट्रंकेतले जुने पेन कोमट पाण्याने धुऊन चालू केले. निळी, काळी, निळी-काळी अशा शायांच्या बाटल्या आल्या. पातळ कागदाच्या वहीवर शाई फुटते, जाड कागदावर रेघ स्वच्छ उमटते, हे कळले. साधी निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते. मायफळ आणि हिराकस यांपासून बनणारी निळी-काळी शाई मात्र हवा लागून गडद होत जाते आणि सहज पुसली जात नाही, म्हणून दस्तऐवजांसाठी पूर्वी ती वापरत, हेही समजले. हा उद्योग पाहून एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सहज सांगितले की बाबासाहेबांनाही चांगल्या पेनांचा फार षौक होता. मग आम्ही त्यांचे चरित्र पुन्हा काढून वाचले, या वेळी त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. त्या काळचे शालेय साहित्य म्हणजे पाटी-पेन्सिल, पुढे टाक आणि दौत. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. भीमरावांनी खडू हाती घेण्याआधी मुलांनी धावत जाऊन ते डबे बाजूला केले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. लिहिण्याच्या साधनाला आपला हात लागणे हाच ज्या समाजात गुन्हा होता, तिथून हा प्रवास सुरू झाला, हे आपण कधी विसरू नये.

घरी मात्र सुभेदार रामजींनी काही कमी पडू दिले नाही. मुलाला पुस्तक हवे असले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते मुलाला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हाती आलेल्या त्या एका पुस्तकाचा परिणाम १९५६ पर्यंत पोहोचला.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. योगायोग असा की निबेकडे शाई नीट वाहून आणणाऱ्या पेनाचे पेटंट वॉटरमन यांनी १८८४ साली घेतले ते याच शहरात. दौतीत टाक बुडवत बसण्याचा काळ तिथे मागे पडत होता. भीमरावांनी या शहरात पोट मारून पुस्तके जमवली आणि रात्रंदिवस लिहिले. मे १९१६ मध्ये भारतातील जातींच्या उगमावरचा निबंध त्यांनी तिथेच वाचला. १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतताना, जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. परदेशातून एवढे शिकून आलेल्या माणसाच्या हातात कागद देण्याचीसुद्धा त्यांची तयारी नव्हती.

याला बाबासाहेबांनी लेखणीनेच उत्तर दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडण्याच्या वेळी शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, अर्धपोटी राहून टिपणे काढायची, असा त्यांचा क्रम होता. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांना पुन्हा लिहावा लागला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. एवढ्या मोठ्या विद्वानालाही मसुदा परत घेऊन बसावे लागले, ही गोष्ट पहिल्याच प्रयत्नात खचणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगायला हवी.

१९२७ साली महाडचा संग्राम झाला आणि एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. मदतीला लेखक नव्हते, पैसा नव्हता. अनेक अंकांचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले.

पेनाशी जोडलेला सर्वांत जड प्रसंग २४ सप्टेंबर १९३२ चा. गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले, ७१ जागांच्या ऐवजी १४८ राखीव जागा आल्या. सह्या होताच राजगोपालाचारींनी आनंदाने आपले पेन बाबासाहेबांच्या पेनाशी बदलून घेतले. एका बाजूला तो आनंदाचा क्षण होता. दुसऱ्या बाजूला, ज्या पेनाने समाजाचा हातात आलेला हक्क सोडावा लागला, त्या सहीची बोचणी बाबासाहेबांना पुढे कायम राहिली. पेन हातात असले तरी लिहिणारा मोकळा असतोच असे नाही, हे त्या दिवशी दिसले.

मोकळ्या लेखणीचे उदाहरण चार वर्षांनी आले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि लिहिलेल्या भाषणात बदल मागितले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. मे १९३६ मध्ये त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. आज ते जगभर वाचले जाते.

याच काळात दादरच्या राजगृहात त्यांचा ग्रंथसंग्रह वाढत होता. पुस्तकांइतकेच त्यांना उत्तम पेनांचे वेड होते, हे त्यांच्या सहवासातल्या लोकांनी आठवणींत नोंदवले आहे. चांगला कोट आणि चांगले पेन यांवरून त्यांना नावे ठेवणारेही होते. आम्हाला या षौकात डामडौल दिसत नाही. ज्यांनी फक्त दुसऱ्याचे उतरलेले वापरावे असे शास्त्रांनी ठरवले होते, त्यांच्यातल्या एकाने जगातली उत्तम वस्तू निवडून घेतली आणि भरपूर वापरली. चांगल्या वस्तूचा आनंद घेणे हाही स्वाभिमानाचाच भाग आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संविधानाची सुंदर हस्तलिखित प्रत बाबासाहेबांच्या अक्षरातली आहे, असे अनेक जण समाजमाध्यमांवर लिहितात. ते खरे नाही. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली, आणि पानांची सजावट नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. बाबासाहेबांचे काम याहून अवघड होते. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. मधुमेहाने आणि सांधेदुखीने शरीर पोखरलेले असताना समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी कलमांचा शब्दन्‌शब्द तपासला आणि सभागृहात प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी सह्या केल्या. ज्या मुलाच्या हाती खडू येणार म्हणून डबे हलवले गेले, त्याची सही या देशाच्या संविधानावर आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर दोन महिनेही गेले नाहीत. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडवरच्या घरी त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे सहायक नानकचंद रत्तू यांच्याकडून मागवून घेतली. दृष्टी अधू झालेली होती, तरी मजकूर शेवटचा नजरेखालून घालायचा होता. ६ डिसेंबरच्या सकाळी त्यांचे महापरिनिर्वाण झाल्याचे कळले. ग्रंथ १९५७ साली सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने काढला. तो छापलेला पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

आज जयंतीला आणि ६ डिसेंबरला हारफुलांऐवजी एक वही, एक पेन अर्पण करण्याची चांगली प्रथा महाराष्ट्रात रुजली आहे. त्या वह्या-पेनांतून वस्त्यांमधली अनेक मुले शिकत आहेत. ही प्रथा वाढलीच पाहिजे. पण आम्ही कार्यकर्ते स्वतः किती लिहितो? अत्याचाराची घटना घडते, तेव्हा फिर्याद नीट लिहून देणारा माणूस वस्तीत सापडतो का? विहाराच्या सभेचे इतिवृत्त कोण लिहितो? गावातल्या जुन्या चळवळीच्या आठवणी सांगणारी आजी-आजोबांची पिढी आपल्या डोळ्यांदेखत जाते आहे. ते सारे कोणी उतरवून ठेवले?

आमच्या अभ्यासिकेत आता टेबलावर शाईची बाटली असते. दर रविवारी प्रत्येकाने एक पान लिहून आणायचे, वाचून दाखवायचे, चुका काढल्या की पुन्हा लिहायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी शाईचेच पेन हवे असे नाही. ज्याला जे पेन आवडेल ते त्याने घ्यावे, पण खिशाला नुसते लावून ठेवू नये.

जय भीम.