मुलांचे न्यायी परीक्षक : आल्फ्रेड बिने

गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळीं लालबागच्या चाळींत कोंकणांतून व घाटावरून कुटुंबें येत. नवख्या मुलास परीक्षकाचा शब्द अपरिचित वाटला कीं तो गप्प उभा राही. आणि गप्प तो मंद, असा निकाल देण्यास वेळ लागत नसे. असा अन्याय टळावा म्हणून ज्यांनीं परिश्रम केले, त्यांत फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने अग्रगण्य होत.

बिने १८५७ सालीं नीस शहरीं जन्मले. कायद्याची पदवी घेऊनही ते मानसशास्त्राकडे वळले व पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयांत शार्को या विख्यात वैद्यांच्या हाताखालीं मोहनिद्रेचे प्रयोग करूं लागले. लोहचुंबकाच्या योगानें रुग्णाची संवेदना एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जाते, असें त्यांनीं व त्यांचे सहकारी फेरे यांनीं जाहीर केलें. परंतु काय घडावयाचें तें प्रयोगकर्ते रुग्णासमक्षच बोलत, हें बेल्जियमच्या डेलबफ यांनीं उघडकीस आणिलें. चुंबकाचा गुण कांहींच नव्हता! बिने यांनीं अखेर चूक कबूल केली. १९०० सालीं त्यांनीं याच विषयावर ग्रंथ लिहिला; प्रश्नाच्या नुसत्या ठेवणीनें मूल चुकीच्या उत्तराकडे कसें झुकतें, हें त्यांत शाळेंतील मुलांवरील प्रयोगांनीं दाखविलें आहे.

१९०४ सालीं फ्रेंच सरकारनें मागासलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीं मंडळ नेमिलें. बिने त्याचे सभासद होते. निराळ्या वर्गांत कोणास घालावें? केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबणें धोक्याचें. खोडकर मुलास वर्गाबाहेर घालविण्याची संधि कोण सोडील? १९०५ सालीं बिने व डॉक्टर सिमों यांनीं तीस कसोट्यांची श्रेणी रचिली. कसोट्यांहूनही तिच्या सोबतचे नियम आम्हांस मोलाचे वाटतात. खोली शांत असावी, इतर मुलें तेथें नसावींत. प्रथम भेटींत ओळखीचें माणूस जवळ असावें, पण त्यानें मुकाट्यानें बसावें. परीक्षकानें मायेनें धीर द्यावा, उत्तर मात्र सुचवूं नये.

१९०८ सालीं श्रेणी वयवार लाविली. १९११ सालीं ती पुन्हा सुधारली व त्याच वर्षीं बिने निवर्तले. बुद्धि जन्मभर एकाच मापाची राहते, हें मत त्यांनीं कधींच मानिलें नाहीं.

मूळ श्रेणींत मुलानें फ्रेंच नाणीं ओळखावयाचीं होतीं. तीं लालबागच्या मुलापुढें ठेवून काय उपयोग? परंतु ऐन परीक्षेंत एकट्या मुलापुरता प्रश्न बदलला, तर तुलनाच बुडाली. बदल करावयाचा तो आधींच, सर्वांसाठीं एकदम. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनीं हेंच काम हातीं घेतलें. मराठी व कानडी मुलांसाठीं बसविलेल्या त्यांच्या श्रेणीचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला.