अचूकतेचे उपासक जोसेफ व्हिटवर्थ

आपल्या घरातील नळ ज्या आट्यांनी पाइपमध्ये घट्ट बसतो, त्या आट्यांचा कोन सहसा ५५ अंशांचा असतो. हा कोन इंग्लंडमधील यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविला. स्क्रूच्या आट्यांना प्रमाण देणारे अभियंते म्हणून व्हिटवर्थ जगाला परिचित आहेत. बंदुकीचा नेम नेमबाजाच्या हाताइतकाच गोळीच्या लांबीवर आणि मापावर अवलंबून असतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले. मात्र त्यांच्या कार्याचा हा भाग आज काहीसा विस्मृतीत गेला आहे.

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी स्टॉकपोर्ट येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. बालपणीच आईचे छत्र हरपले. किशोरवयात ते काकांच्या सूतगिरणीत लागले. पण त्यांचे मन धंद्यापेक्षा यंत्रांतच अधिक रमले. १८२५ मध्ये त्यांनी लंडन गाठले आणि हेन्री मॉडस्ली यांच्या विख्यात कारखान्यात ते कारागीर म्हणून काम करू लागले. १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना थाटला. तीन पत्रे आळीपाळीने एकमेकांवर घासून, उंचवटे खरवडून काढत पूर्ण सपाट पृष्ठभाग मिळविण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. डोळ्यांनी रेघा वाचून घेतलेल्या मापापेक्षा दोन सपाट टोकांच्या स्पर्शाने घेतलेले माप अधिक खात्रीचे, हा त्यांचा सिद्धान्त होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या यंत्राला इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक कळत असे.

या कीर्तीमुळेच शस्त्रास्त्रांचा विषय त्यांच्याकडे चालत आला. १८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध पेटले होते. भारताचे माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग तेव्हा ब्रिटनचे सरसेनापती होते. एनफिल्ड रायफली मोठ्या संख्येने बनविण्यासाठी यंत्रसामग्री तयार करावी, अशी विचारणा व्हिटवर्थ यांच्याकडे झाली. पुढे १८५७ मध्ये जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भारतातील शिपायांत असंतोष भडकला, तीच ही एनफिल्ड. व्हिटवर्थ यांनी घाई केली नाही. उत्तम नळी कशी असावी हे आधी ठरू द्या, यंत्रांचे नंतर पाहू, अशी त्यांची भूमिका होती. अखेर सरकारी खर्चाने मँचेस्टरजवळील त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चाचणी-वीथी उभी राहिली. वादळाने ती कोसळली. पुन्हा बांधून झाल्यावर १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले.

एनफिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, तर गोळी ५३० ग्रेन म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम वजनाची होती. व्हिटवर्थ यांनी वजन तेवढेच ठेवले, पण व्यास ०.४५१ इंचापर्यंत खाली आणला. साहजिकच गोळी लांब झाली. निमुळत्या होडीला पाण्याचा अडथळा कमी व्हावा, तसा अशा गोळीला हवेचा विरोध कमी होतो. परंतु लांब गोळी पुरेशी फिरली नाही, तर हवेत कलंडते. म्हणून त्यांनी नळीतील पीळ वाढविला. एनफिल्डमध्ये ७८ इंचांत एक वेढा पूर्ण होत असे. व्हिटवर्थ यांच्या नळीत तो २० इंचांतच होई. नळीचे छिद्र त्यांनी षट्कोनी केले आणि गोळीही त्यात नेमकी बसेल अशा मापाची घडविली.

१८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही रायफलींची तुलना झाली. एनफिल्डचा नेम सुमारे १४०० यार्डांपलीकडे चालेना. व्हिटवर्थ यांची रायफल २००० यार्डांवरही लक्ष्य गाठत होती. तरीही लष्कराने ती नाकारली. नळीचा व्यास सैनिकी वापरासाठी फार लहान आहे, असा आक्षेप होता. शिवाय ती महागही होती. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथील नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरिया यांनी स्थिर बैठकीवर बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीतूनच गोळी झाडली. ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या केंद्रापासून ती सव्वा इंचावर लागली. सैन्याला मात्र लहान व्यासाची गोष्ट पटण्यास १८७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यास ०.४५ इंच होता.

अचूकतेला दुसरी बाजूही होती. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांना मोजक्या व्हिटवर्थ रायफली मिळाल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनिया येथे जनरल जॉन सेजविक दुरून आलेल्या गोळीने ठार झाले. ती गोळी याच रायफलीतून सुटली असावी, असे मानले जाते. कारागिराने मिळविलेले माप कोणाच्या हाती पडेल, हे कारागिराच्या हाती उरत नाही.

पाश्चात्त्य देशांत स्वतः काडतुसे भरणारे नेमबाज आजही याच वाटेने चालतात. पुंगळीच्या बुडापासून मोजलेली काडतुसाची लांबी ते इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत पारखतात. गोळीची टोके सारखी नसतात. म्हणून तिचा फुगीर भाग नळीतील खाचांना जिथे टेकतो, तिथून स्पर्शाने माप घेतात. तेथवरचे अंतर प्रत्येक वेळी समान राहिले, तर गोळी दर वेळी एकाच रीतीने नळीत शिरते आणि नेम सुधारण्याची शक्यता वाढते. गोळी फार आत दाबली, तर दारूला जागा कमी पडून दाब वाढतो. खाचांना भिडली, तरीही वाढतो. सर्व बंदुकांना लागू पडेल अशी एकच लांबी नाही. प्रत्येक नळीसाठी ती प्रयोगानेच शोधावी लागते. व्हिटवर्थ यांनी लष्कराला सांगितले होते ते यापेक्षा वेगळे नव्हते.

१८६८ मध्ये त्यांनी तरुण यंत्रकारांसाठी दरसाल ३००० पौंडांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १८६९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संपत्तीतून मँचेस्टरमध्ये कलादालन उभे राहिले, तसेच रुग्णसेवा आणि शिक्षणालाही मोठा हातभार लागला. त्यांची रायफल आता संग्रहालयात विसावली आहे. शिष्यवृत्ती मात्र आजही तरुण अभियंत्यांना मिळते.